माठ पाझरतो, कप पाझरत नाही: सिरॅमिक इंजिनीअरिंगमध्ये शिरायचं कसं?

मार्च उजाडला की बाजारातून नवा माठ घरी येतो. दोन-तीन दिवसांत तो बाहेरून ओलसर होतो, खालच्या थाळीत पाणी साठू लागतं आणि आतलं पाणी गार होतं. त्याच स्वयंपाकघरात चिनीमातीचा कप असतो. त्यात रात्रभर पाणी ठेवा, सकाळी बाहेरून बोट फिरवा, कप कोरडाच लागतो. माठ मातीचा, कपही मातीचा. दोघंही भट्टीतून भाजून निघालेले. मग एक पाझरतो आणि दुसरा पाझरत नाही, असं का?

‘कपाला झिलई असते म्हणून’ हे उत्तर पटकन सुचतं, पण ते अपुरं आहे. कप उलटा करून पाहा. भट्टीत तो ज्या कडेवर टेकलेला असतो, तिथे झिलई नसते. ती कडा हाताला खरखरीत लागते. तरीही चांगल्या पोर्सेलिनच्या कपात तिथून पाणी शिरत नाही. उत्तर भांड्याच्या अंगात आहे.

कुंभाराच्या आव्यात माठ साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजला जातो. एवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांना धरतात, पण जेमतेम. त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या उरतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पाणी त्या वाटांनी बाहेर येतं, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि वाफ होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून ओढली जाते. कपाची माती वेगळी कालवलेली असते. त्यात चिनीमाती, गारगोटीची पूड आणि फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. भट्टी १२०० ते १४०० अंशांपर्यंत जाते. फेल्डस्पार वितळून दाट रस होतो, तो कणांमधल्या पोकळ्यांत शिरतो आणि थंड होताना काचेसारखा घट्ट होतो. वाटाच बुजतात.

माठात छिद्रं हवीत, कपात नकोत. सिरॅमिक इंजिनीअरचं निम्म्याहून अधिक काम या एका वाक्यात मावतं. पदार्थात छिद्रं किती ठेवायची, कुठे ठेवायची आणि नको असलेली कशी घालवायची, हे तो ठरवतो. प्रवेशाच्या याद्या लागल्या की ‘सिरॅमिक मिळतंय, पण पुढे काय? कपबशाच करायच्या का?’ असं पालक विचारतात. या प्रश्नाचं उत्तरही मला छिद्रांपासूनच द्यावंसं वाटतं, कारण या शाखेतल्या नोकऱ्या कुठे आहेत ते त्यातूनच कळतं.

न वितळता जुळणं

सिरॅमिक म्हणजे धातू आणि अधातू यांच्या संयुगांचा, उष्णतेनं कठीण केलेला पदार्थ. वीट, कौल, टाइल, सिमेंट, काच हे सगळे याच मोठ्या कुटुंबातले. ॲल्युमिना, झिर्कोनिया, सिलिकॉन कार्बाइड ही त्यातली आधुनिक नावं.

लोखंड वितळवून साच्यात ओतता येतं. ॲल्युमिनाच्या बाबतीत ते परवडत नाही, कारण तो वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून उलट्या वाटेनं जावं लागतं. आधी बारीक पूड करायची, ती दाबून हवा तो आकार द्यायचा, मग १६०० अंशांच्या आसपास तापवायचं. पूड वितळत नाही, तरी कण एकमेकांशी जुळतात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात आणि तीच या शाखेचा गाभा आहे.

न वितळता कण जुळतात कसे? फ्रीझरमध्ये बर्फाचे खडे एका भांड्यात काढून ठेवले की काही दिवसांनी ते एकमेकांना चिकटलेले मिळतात. जिथे दोन खडे टेकलेले असतात, तिथे बर्फाची एक मान तयार झालेली असते. पुडीच्या कणांचंही असंच होतं. बारीक कणाला आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग फार मोठा असतो आणि पृष्ठभाग टिकवायला ऊर्जा लागते. उष्णता मिळाली की अणू जागचे हलू लागतात, कणांच्या टेकलेल्या जागी येऊन बसतात, मान जाड होत जाते आणि मधली पोकळी आक्रसते. पूड जितकी बारीक, तितकी ही ओढ जास्त. म्हणून पूड बारीक केली तर भट्टी थोडी कमी तापवून भागतं.

पोकळ्या आक्रसल्या की वस्तूही लहान होते. ॲल्युमिनाचा सुटा भाग भट्टीत प्रत्येक दिशेनं साधारण १५ ते २० टक्के आक्रसतो. कारखान्यात साचा त्या हिशेबानं मोठा घ्यावा लागतो. पूड दाबताना एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दाबली गेली, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या आक्रसतात आणि वस्तू वाकडी निघते. भट्टीबाहेर दिसणाऱ्या दोषाचं मूळ पुष्कळदा चार टप्पे आधी, पुडीत किंवा साच्यात सापडतं. ही मागे जाऊन शोधण्याची सवय ज्याला लागते, त्याला या कामात मनापासून रस वाटू लागतो.

बशी वाकत का नाही?

स्टीलची ताटली पडली की पोचा येतो, चिनीमातीची बशी पडली की तुकडे होतात. धातूत अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून तो वाकतो. सिरॅमिकमध्ये अणूंचे बंध इतके घट्ट आणि दिशांनी बांधलेले असतात, की थर सरकत नाहीत. ताण आला की तो एखाद्या बारीक चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर धावत सुटते. इंग्लंडमधले अभियंते ॲलन ग्रिफिथ यांनी १९२१ च्या शोधनिबंधात काचेवरच्या प्रयोगांतून हे मांडलं. काच तिच्या बंधांच्या बळावरून अपेक्षित असते त्यापेक्षा कितीतरी कमी ताणाला फुटते, कारण तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा आधीपासूनच असतात.

म्हणजे इथेही पुन्हा छिद्रच. आत राहिलेली एखादी मोठी पोकळी चिरेचा जन्म होण्याची जागा ठरते. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की झिर्कोनियाचे स्फटिक एका विशिष्ट अवस्थेत राखले, तर चीर जवळ येताच ते रूप बदलून किंचित फुगतात आणि चिरेचं तोंड दाबून धरतात. आज दातांवर बसवल्या जाणाऱ्या झिर्कोनियाच्या टोप्या चावण्याचा जोर सहन करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

मोरबीच्या भट्टीशेजारी

भारत टाइल उत्पादनात जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे आणि देशातल्या टाइलचा फार मोठा भाग एकट्या गुजरातमधल्या मोरबी परिसरात तयार होतो. तिथल्या ओळीवर काम कसं चालतं ते पाहिलं, तर नव्या इंजिनीअरच्या वाट्याला काय येतं याची कल्पना येते.

माती, फेल्डस्पार वगैरे कच्चा माल पाण्याबरोबर बॉल मिलमध्ये दळून त्याची पातळ स्लिप करतात. ती स्प्रे ड्रायरमध्ये उडवली की पाच-सहा टक्के ओलावा असलेले बारीक गोल दाणे मिळतात. ते प्रेसमध्ये दाबून टाइल होते, वाळते, तिच्यावर ग्लेझ, म्हणजे झिलई, आणि डिजिटल छपाई होते आणि ती रोलर किल्नमध्ये शिरते. शंभर मीटरहून लांब भट्टीत फिरत्या रुळांवरून टाइल पुढे सरकत जाते आणि तासाभरात भाजून बाहेर येते.

आता समजा, टाइल फोडून पाहिली तर तिच्या पोटात काळा पट्टा दिसतोय. मातीत थोडा सेंद्रिय कचरा असतोच. तो जळून वायू बाहेर पडायला हवा. पण भट्टी वेगानं चालली तर तो जळून संपण्याआधीच पृष्ठभाग काचेसारखा बंद होतो आणि वायू आत कोंडतो. टाइल फुगते किंवा काळी राहते. इंजिनीअरनं काय करायचं? ८०० ते ९०० अंशांच्या टप्प्यात टाइलला थोडा जास्त वेळ द्यायचा, प्रेसचा दाब किंचित कमी करायचा, म्हणजे वायूला वाट राहील, किंवा मातीचं मिश्रणच बदलायचं. प्रत्येक उपायाची किंमत आहे. भट्टी हळू केली तर दिवसाचं उत्पादन घटतं, दाब कमी केला तर टाइल कच्ची असताना तुटते. यातून वाट काढणं हेच कामावरचं शिक्षण.

दुसरा एक आकडा या क्षेत्रातल्या माणसाला झोपेतही आठवतो: ५७३ अंश. या तापमानाला गारगोटीचे स्फटिक आपली रचना एकदम बदलतात आणि त्यांचं आकारमानही बदलतं. तापताना ते फुगतात, थंड होताना आक्रसतात. थंड होत असलेली टाइल किंवा कप हा टप्पा घाईनं ओलांडू लागला, तर सरळ रेषेत तडा जातो. म्हणून भट्टीच्या या भागात हवा किती सोडायची ते फार जपून ठरवतात.

टाइलच्या दर्जाची व्याख्याही छिद्रांनीच होते. भिंतीची टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. ती सिमेंट किंवा गोंद धरून ठेवायला बरी. जमिनीच्या उत्तम विट्रिफाइड टाइलमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असावं लागतं. दुकानातल्या खोक्यावरचा हा आकडा म्हणजे इंजिनीअरनं भट्टीशी केलेल्या दीर्घ वाटाघाटीचा निकाल असतो.

पोलादाला पेलणारी वीट

कपबशा आणि टाइल हा लोकांना दिसणारा भाग. नोकऱ्यांच्या दृष्टीनं मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो न दिसणारा भाग: रिफ्रॅक्टरी, म्हणजे तापसह विटा आणि मसाले. जगातल्या रिफ्रॅक्टरी मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक पोलाद उद्योग आहे. सिमेंट, काच, ॲल्युमिनियम, तेलशुद्धीकरण यांच्या भट्ट्याही याच्याशिवाय चालत नाहीत.

१६०० अंशांचं वितळलेलं पोलाद लोखंडी भांड्यात कसं ठेवायचं? भांड्याला, म्हणजे लॅडलला, आतून विटांचं अस्तर लावून. मळीच्या थरापाशी साधारणपणे मॅग्नेशिया आणि कार्बनच्या विटा वापरतात. पोलादावर तरंगणाऱ्या मळीत चुना भरपूर असतो. मॅग्नेशिया तिच्यात सहज विरघळत नाही. कार्बनला ती मळी ओलं करू शकत नाही, त्यामुळे विटेच्या छिद्रांत ती शिरत नाही. तरीही प्रत्येक खेपेला अस्तर थोडं झिजतं. कारखान्यात एका खेपेला ‘हीट’ म्हणतात आणि अस्तराचं आयुष्य हीटमध्येच मोजतात. अस्तर वेळेत बदललं नाही तर पोलाद भांडं फोडून बाहेर येतं आणि शेजारी माणसं असतात. म्हणून अस्तर मोजणारा, त्याची डागडुजी ठरवणारा आणि ‘आता हे भांडं बाजूला काढा’ असं ठामपणे सांगणारा माणूस लागतो. तो सिरॅमिक इंजिनीअर.

आपल्याकडे अनेक करारांत रिफ्रॅक्टरी कंपनीला विटेमागे नव्हे, तर तयार झालेल्या पोलादाच्या टनामागे पैसे मिळतात. अस्तर जास्त टिकलं तर फायदा कंपनीचा. त्यामुळे या कंपन्या आपले इंजिनीअर थेट पोलाद कारखान्यांत बसवतात. आरएचआय मॅग्नेसिटा, वेसुव्हियस, ओडिशातल्या बेलपहाडची टीआरएल क्रोसाकी, आयएफजीएल, कॅल्डेरिस ही या क्षेत्रातली ठळक नावं. सार्वजनिक क्षेत्रात सेलचा स्वतःचा रिफ्रॅक्टरी विभाग आहे. काम उष्ण, पाळ्यांचं, घरापासून दूरचं असतं. पण माझं मत विचाराल, तर पहिल्या चार-पाच वर्षांत इतकं शिकवणारी जागा या शाखेत दुसरी नाही.

आपल्या आसपास

महाराष्ट्रात मोरबीसारखी सिरॅमिकनगरी नाही, पण भट्ट्या पुष्कळ आहेत. जालन्यातले पोलाद कारखाने, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्री, रायगड जिल्ह्यातला डोलवीचा पोलाद कारखाना, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंटच्या फिरत्या भट्ट्या, तळोज्याची काच. सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरातली सिलिका वाळूही याच साखळीत येते.

कोल्हापूर-जालन्याच्या इंडक्शन भट्टीत एक सुंदर युक्ती वापरतात. भट्टीच्या आतून गारगोटीच्या पुडीचा मसाला, म्हणजे रॅमिंग मास, ठोकून भरतात. त्यात थोडं बोरिक ॲसिड असतं. पहिल्या हीटला भट्टी हळूहळू तापवून हे अस्तर जागेवरच भाजतात. इथेही ५७३ चा टप्पा आहेच. गंमत अशी, की अस्तराचा आतला थरच पक्का भाजला जातो. मागचा थर मुद्दाम सुटी पूड म्हणून राहू देतात. आतल्या थराला तडा गेला, तर तो सुट्या पुडीपाशी येऊन थांबतो, धातू पुढे जात नाही. या फाउंड्रींमध्ये अस्तर बसवण्याचं काम वर्षानुवर्षं अनुभवी मिस्त्री करत आले आहेत. त्यांच्या हाताला जे कळतं त्यामागचं कारण ज्याला सांगता येईल, अशा तरुण इंजिनीअरला तिथे वाव आहे. त्यानं आधी मिस्त्रींकडून शिकावं, एवढीच अट.

साच्यात ओतताना धातू गाळायला याच फाउंड्रींत स्पंजासारखी सिरॅमिक गाळणी वापरतात. तिच्यात छिद्रं मोकळी असतात, म्हणून ती धातू जाऊ देते आणि मळी अडवते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पालघर जिल्ह्यातलं तारापूर आहे. अणुभट्टीचं इंधन हेही सिरॅमिकच असतं. युरेनियम डायऑक्साइडची पूड दाबून, हायड्रोजनच्या वातावरणात १७०० अंशांच्या आसपास भाजून बोटाच्या पेराएवढ्या वड्या करतात. त्या जवळजवळ भरीव असतात, पण पूर्ण नाही. थोडी छिद्रं राखलेली असतात, कारण अणू फुटताना तयार होणारे वायू आणि वडीची सूज सामावायला जागा लागते. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्यूएल कॉम्प्लेक्समध्ये अशा वड्या मोठ्या प्रमाणावर तयार होतात; तारापूरला मिश्र इंधनाचं काम होतं. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र, अंबरनाथची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा, पुण्यातलं सी-मेट या संस्थांमध्ये सिरॅमिक पदार्थांवर संशोधन चालतं.

या मातीला या विषयाचा जुना इतिहासही आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना सुरू झाला. तो नुसता कारखाना नव्हता, काचविद्या शिकवण्याची जागाही होती. तिथले तंत्रज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. पुढे कराडजवळ ओगलेवाडीला ओगले मंडळींचा काच कारखाना झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. शिक्षण आणि भट्टी एकाच आवारात, ही तळेगावची कल्पना मला आजही या विषयासाठी सर्वांत योग्य वाटते.

चौकट: छिद्रांवरून कामाची ओळख
छिद्रं अजिबात नकोत: विजेचे इन्सुलेटर, विट्रिफाइड टाइल, सॅनिटरीवेअर, स्पार्क प्लग, दातांच्या टोप्या, चिलखताच्या पट्ट्या.
बंद छिद्रं भरपूर हवीत: भट्टीची उष्णता रोखणाऱ्या हलक्या विटा.
मोकळी छिद्रं हवीत: फाउंड्रीची गाळणी, पाण्याची गाळणी, गाड्यांच्या धुराड्यातली जाळी.
मोजून थोडी हवीत: अणुइंधनाच्या वड्या, पोलादाच्या भांड्याच्या विटा.

आत जायची दारं

बारावीनंतर थेट सिरॅमिकची पदवी देणाऱ्या संस्था देशात मोजक्या आहेत. वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठात हा विषय १९२४ पासून शिकवला जातो. तो विभाग आता आयआयटीत आहे आणि प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधून होतो. राउरकेलाच्या एनआयटीत जेईई मेनमधून जाता येतं आणि शेजारीच पोलाद कारखाना असल्यानं शिकताना भट्टी दिसत राहते. कोलकात्याचं सरकारी सिरॅमिक तंत्रज्ञान महाविद्यालय आणि चेन्नईचं अण्णा विद्यापीठ यांचे प्रवेश त्या त्या राज्याच्या पद्धतीनं होतात. सोलापूरकरांना जवळ पडणाऱ्या कलबुर्गीच्या पीडीए महाविद्यालयात सिरॅमिक आणि सिमेंट तंत्रज्ञानाची शाखा चालत आली आहे. बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला जागा किती, हे अर्ज भरण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावं. डिप्लोमाची वाटही आहे. तमिळनाडूत विरुद्धाचलम आणि आंध्रात गुडूर इथे त्यासाठी खास सरकारी संस्था आहेत.

मराठी मुलांना मात्र मला दुसरं दार अधिक सोयीचं वाटतं. नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी किंवा आयआयटी मुंबई इथे धातू आणि पदार्थ अभियांत्रिकी शिकायची, नाहीतर केमिकल किंवा मेकॅनिकल करायचं आणि मग गेटमधून सिरॅमिकच्या एम.टेक.ला जायचं. गेटमध्ये मेटलर्जीचा पेपर आहे आणि इंजिनीअरिंग सायन्सेसच्या पेपरात पदार्थविज्ञानाचा भाग निवडता येतो. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. विद्यार्थ्यालाही काही एम.टेक. अभ्यासक्रमांत आणि पुढे संशोधनात वाट मिळते. १९५० मध्ये सुरू झालेली कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था ही संशोधनाची मोठी जागा आहे. परदेशात अमेरिकेतलं आल्फ्रेड विद्यापीठ हे या विषयाचं जुनं घर. तिथलं सिरॅमिकचं शिक्षण १९०० मध्ये सुरू झालं.

शाखा वेगळी होती म्हणून कोणी मागे राहत नाही, याचं मोठं उदाहरण जपानमध्ये आहे. काझुओ इनामोरी कागोशिमा विद्यापीठात सेंद्रिय रसायन शिकले. १९५५ मध्ये त्यांना नोकरी मिळाली ती क्योतोतल्या एका अडचणीत सापडलेल्या इन्सुलेटर कारखान्यात. तिथे त्यांनी फोर्स्टेराइट या सिरॅमिकवर काम करून टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसाठी भाग बनवले. १९५९ मध्ये त्यांनी क्योतो सिरॅमिक ही कंपनी काढली, तीच आजची क्योसेरा. इलेक्ट्रॉनिक चिपला आधार देणाऱ्या सिरॅमिक खोक्यांत ती जगभर ओळखली जाते.

नोकरीचं खरं रूप

हे क्षेत्र लहान आहे. सॉफ्टवेअरसारख्या शेकड्यांनी जागा एका दिवसात निघत नाहीत आणि सुरुवातीचा पगार पाहून काही जण लगेच दुसरीकडे वळतात. पण क्षेत्र लहान असल्यामुळे माणसं एकमेकांना ओळखतात. ज्याच्या हातून एक अवघड दोष सुटला, त्याचं नाव दुसऱ्या कारखान्यात आधी पोचतं. कामाचे प्रकारही बरेच आहेत: उत्पादन, गुणवत्ता तपासणी, नवं मिश्रण तयार करणं, कच्च्या मालाची खरेदी, ग्लेझ आणि रंग विकणाऱ्या कंपन्यांची तांत्रिक विक्री, भट्ट्यांची उभारणी. तांत्रिक विक्रीकडे मुलं कमीपणानं पाहतात ते मला चुकीचं वाटतं. पाच कारखान्यांतले दोष एका महिन्यात पाहायला मिळतात, ते एका ओळीवर वर्षभरात दिसत नाहीत.

पुढच्या काळातलं मोठं काम इंधनाचं आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मोरबीतल्या कोळशाच्या गॅसिफायर बंद झाल्या आणि कारखाने नैसर्गिक वायूवर आले. हवा सुधारली, पण इंधनाचा खर्च वाढला. कमी तापमानात भाजणारं मिश्रण, बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर, विजेवर किंवा हायड्रोजनवर चालणाऱ्या भट्ट्या या सगळ्यासाठी सिंटरिंग नीट समजणारी माणसं लागणार आहेत.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गारगोटीची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस होतो. फुफ्फुसात व्रण होतात आणि ते भरून येत नाहीत. या रोगाला बरं करणारं औषध नाही. सर्वांत आधी तो गोणी फोडणाऱ्या, पूड चाळणाऱ्या, कमी पगाराच्या कामगाराला होतो. काम ओल्या पद्धतीनं करणं, धूळ निघते तिथेच ती ओढून घेणारे पंखे बसवणं, योग्य मुखवटे देणं आणि धुळीचं मोजमाप ठेवणं हे उपाय माहीत असलेले आहेत. ते अमलात येतात की नाही, हे पाळीवर उभ्या असलेल्या इंजिनीअरच्या आग्रहावर अवलंबून असतं. हा आग्रह धरायला धैर्य लागतं. ते शिक्षणाचाच भाग मानावं.

घरून सुरुवात

कॉलेजात जाण्याआधी किंवा पहिल्या वर्षातच एक प्रयोग करता येतो. गावातल्या कुंभाराकडून माती घ्यावी. तिच्या बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या करून प्रत्येकीवर ओली असतानाच बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढावी. सावलीत वाळल्यावर रेघ मोजावी. मग परवानगी घेऊन काही पट्ट्या आव्यात भाजाव्यात आणि पुन्हा मोजावं. किती आक्रसली ते टक्क्यांत लिहावं. भाजलेली पट्टी कोरडी असताना वजन करावी, दोन तास पाण्यात उकळवून चार तास तशीच ठेवावी, ओलसर फडक्यानं टिपून पुन्हा वजन करावं. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, म्हणजे पाणी पिण्याचं प्रमाण. टाइलच्या प्रयोगशाळेत रोज हीच चाचणी काटेकोर उपकरणांनी होते.

पुढे त्याच मातीत दहा, वीस, तीस टक्के बारीक वाळू मिसळून हेच पुन्हा करावं. आकडे कसे हलतात ते वहीत मांडावं आणि का हलतात त्याचा अंदाज लिहावा. आर्टच्या बाजूनं येणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे. बेळगावजवळच्या खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. बेळगाव, कोल्हापूर आणि सिंधुदुर्गातल्या मुलांना ती हाताशी आहे. ज्याच्या बोटांना माती कळते, त्याला फेज डायग्रॅम, म्हणजे कोणत्या तापमानाला मिश्रणात काय वितळेल ते सांगणारा नकाशा, लवकर उमगतो. पदवीच्या काळात हा एक विषय पक्का करावा आणि प्रत्येक सुट्टीत एका तरी भट्टीवर प्रशिक्षणार्थी म्हणून काम करावं, निदान एकदा रात्रपाळीत.

नोकरीच्या मुलाखतीला ही वही घेऊन जावं. तिथे आपणही तीन प्रश्न विचारावेत: भट्टी कोणत्या इंधनावर चालते, गेल्या महिन्यात सर्वांत जास्त माल कोणत्या दोषामुळे बाद झाला, आणि धुळीचं मोजमाप शेवटचं कधी झालं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं, तर तिथे रुजू व्हायला हरकत नाही.